धुऱ्याधुऱ्यानं

॥ श्री ॥

पुणे,
रविवार, १४ सप्टेंबर २००८

तीर्थरूप बाबूजींच्या चरणी टिकेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारच्या खोलीतले भिंत ठोकतात, म्हणून पत्रच बरं. पुण्यात मी नेमकं काय करतो ते सविस्तर लिही, परीक्षेत लिहायचास तसं मोघम नको, असं तुम्ही बजावलंत. तर लिहितो.

परदेशात तयार होणारे व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी आमची कंपनी तपासून देते. सध्या माझ्याकडे आहे तो बंदुकीचा खेळ. नाव सांगायची मनाई आहे, तशी सहीच घेतली आहे. एक काल्पनिक देश, तिथं लढाई चाललेली आणि आपण त्यातले एक शिपाई. पण या खेळाला ठरलेली वाट नाही. नदीत उतरा, जीप पळवा, डोंगर चढा, गावात शिरा, सगळं मोकळं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जायला पाऊण तास लागतो. आम्ही आठ जण आहोत आणि प्रत्येकाला या मुलखाचा एकेक भाग वाटून दिला आहे. त्यातली प्रत्येक जागा पायाखाली घालायची, जिथं काही बिघडेल ते लिहायचं आणि शेवटी बंदुका, गाड्या, मुलूख, माणसं, गोष्ट अशा सदरांखाली गुण देऊन एकूण खेळाचं मूल्यमापन करायचं. म्हणजे तुम्ही जन्मभर केलंत तेच, फक्त माझे विद्यार्थी गोळ्या झाडतात.

माझ्या वाट्याला दक्षिणेचं खोरं आलं आहे आणि तिथं चक्क धानाच्या बांध्या आहेत. लहान लहान, चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेल्या, पाणी साचलेल्या, आपल्यासारख्याच. पहिल्या दिवशी मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो, तेवढ्यात मागून गोळी लागून मेलो.

उमेदवारीच्या सहा महिन्यांपैकी तीन संपले. ठेवतात की काढतात ते नोव्हेंबरअखेर कळेल. काढलं तर गुपचूप परत येऊन मास्तरकीला लागायचं, हा आपला करार माझ्या लक्षात आहे. पण मला इथं राहायचं आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मायला नमस्कार सांगा.

अजून तरी आपला आज्ञाधारक,
टिकेश


गोरेगाव, जि. गोंदिया,
२६ सप्टेंबर २००८

चि. टिकेश यास खेमराजचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा तुझ्या मायसाठी मोठ्यानं. अक्षर बिघडलं आहे, बाकी बरं आहे.

इकडे धान निसवायला लागला, लोंब्या डोकावताहेत. धुऱ्यापलीकडच्या बिसरामच्या बांधीत तुडतुडा दिसला म्हणून आपणही फवारणी करून घेतली. पाऊस यंदा हात राखून आहे, पण बोडीत पाणी आहे तोवर काळजी नाही. माझी प्रकृती चांगली. कान तेवढे आहेत तसेच.

तुझ्या खेळाबद्दल काही शंका आहेत. ज्यांच्यावर तू गोळ्या झाडतोस ते कोण आणि त्यांनी तुझं काय बिघडवलं? बांध्या आहेत म्हणतोस, मग रोवणी कुणी केली? लढाई चालू असताना शेतकरी कुठं गेले? माझ्या शाळेत तपासणीला अधिकारी येत, तेव्हा चांगला अधिकारी फळ्याकडे न बघता आधी पोरांच्या अनवाणी पायांकडे बघायचा. मूल्यमापन करणाऱ्यानं असं काहीतरी बघायला हवं. तुझ्या मायला मात्र एकच शंका आहे. ती विचारते, "मेलेले मंग उठतेत का जी?" मी म्हटलं, विचारून सांगतो.

आणखी एक. इथल्या शाळेत डिसेंबरात शिक्षण सेवकाची एक जागा निघणार आहे. संस्थेचे अध्यक्ष बाजारात भेटले तेव्हा तुझी आपणहून चौकशी करत होते. डी.एड. तुझं झालेलंच आहे. मी काही घाई करत नाही, फक्त माहितीसाठी लिहिलं. तुझी खोली मायनं पोतेरं घालून, सारवून ठेवली आहे, तेही फक्त माहितीसाठी.

वेळेवर जेवत जा. उत्तराला उशीर नको, तुझी माय पोस्टमनला धरून ठेवते.

तुझा,
बाबूजी


पुणे,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप बाबूजींना शि. सा. नमस्कार. वि. वि.

मायला सांगा, उठतात. चौकीवरच्या सगळ्यांना मारून थोडं लांब गेलं आणि परत आलं, की तेच लोक त्याच जागी त्याच गप्पा मारत उभे असतात. हा खेळाचा मोठा दोष आहे आणि त्याचे मी दोन गुण कापले आहेत.

आता पुढचं मायला वाचून दाखवू नका.

माझ्या हातून मोठी चूक झाली. दक्षिणेचं खोरं पूर्ण तपासलं, कुठंही अडचण नाही, असं मी सही करून दिलं. ते काम परदेशी गेलं. चार दिवसांनी तिकडून निरोप आला की त्या बांध्यांच्या मधोमध जमीनच नाही. धान दिसतो, पण आत पाऊल टाकलं की शिपाई धरणीतून आरपार खाली पडतो आणि पडतच राहतो. खेळ बंद करावा लागतो. एक नाही, अशा सहा बांध्या निघाल्या.

आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही खेळताना कुठून कुठं गेलो याची नोंद यंत्रात आपोआप होते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या खोऱ्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि माझ्या तीन आठवड्यांच्या चालण्याची लाल रेघ त्यावर उमटवली. बाबूजी, सगळी रेघ धुऱ्याधुऱ्यानं गेलेली होती. मागे शत्रू लागला असतानासुद्धा मी काटकोनात वळून धुऱ्यावरूनच पळालो होतो. सव्वीस बांध्या, आणि एकीतही पाऊल नाही. मला स्वतःला ते तिथं पाहीपर्यंत कळलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, असं का. माझ्या तोंडून निघून गेलं की धान उभा होता. सगळे हसले. एक जण तर खुर्चीवरून पडायचा राहिला.

मला आठवलं ते तिसरीतलं. शाळेला उशीर झाला म्हणून मी बिसरामकाकांच्या बांधीतून आडवा पळत आलो होतो. तुम्ही वर्ग सोडून मला कानाला धरून परत नेलंत आणि आडवी झालेली लोंबी न् लोंबी उभी करायला लावलीत. दुपार झाली, तुम्ही धुऱ्यावर बसून होतात. काका सोडा म्हणत होते तरी सोडलं नाहीत. तेव्हापासून माझा पाय तिकडे वळत नाही, इतकंच.

पण हे मॅडमना काय सांगणार? त्यांनी 'निष्काळजीपणा' असा शेरा लिहिला आहे. असा शेरा असला की उमेदवारी संपल्यावर ठेवत नाहीत, असं बाकीचे म्हणतात. आणि दुसऱ्या कंपनीतही तोच कागद पुढे जातो. मी चार महिने एक दिवसही उशिरा गेलो नाही. मला फार लागलं आहे.

दिवाळीला सुट्टी नाही. काळजी करू नका असं लिहिलं तरी कराल, म्हणून लिहीत नाही.

तुमचा,
टिकेश


गोरेगाव, जि. गोंदिया,
२० ऑक्टोबर २००८

माननीय मॅडम यांस खेमराज रहांगडाले, निवृत्त मुख्याध्यापक, यांचा सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या कार्यालयात काम करणारा टिकेश हा माझा मुलगा. कंपनीचा पत्ता त्याच्या लिफाफ्यावर होता. हे पत्र मी त्याला न विचारता लिहीत आहे.

तो उभ्या धानात शिरला नाही, ही त्याची चूक खरी. काम दिलं होतं ते पुरं झालं नाही. मीही तपासणी करणारा माणूस होतो, तेव्हा ही चूक मी झाकणार नाही. पण ती निष्काळजीपणाची नाही. निष्काळजी माणूस धानातून आडवा जातो, कारण तीच जवळची वाट असते. धुऱ्यावरून जायला वळसा पडतो, पाय घसरतो, वेळ लागतो. मागे बंदूकवाले लागलेले असताना ज्यानं वळसा घेतला त्याला दुसरा कोणताही शब्द लावा, हा लावू नका.

आमच्याकडे रोवणीला बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. त्यामुळे एकदा रोप लागलं की मालकसुद्धा त्यात उगाच पाय टाकत नाही. हे मी त्याला लहानपणी शिकवलं, आणि जरा जास्तच कडकपणे शिकवलं. त्या खेळातला धान कुणी रोवलेला नाही, हे त्याच्या डोक्याला कळत असेल, पायाला कुणी सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं होतं. त्याला कामावरून काढायचं असेल तर आपण खुशाल काढा, तो आपला अधिकार आहे. शेरा मात्र बदला, एवढीच विनंती.

पत्रात अधिक उणं लिहिलं गेलं असेल तर वयाकडे पाहून सोडून द्यावं.

आपला,
खेमराज रहांगडाले


पुणे,
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप बाबूजींना शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी भांडतो, मग बातमी. तुम्ही मॅडमना पत्र का लिहिलंत? चोवीस वर्षांच्या माणसाच्या कचेरीत वडिलांची चिठ्ठी येते, जसा काही मी पोट दुखतं म्हणून शाळा बुडवली. ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून मॅडम म्हणाल्या की वाच, तेव्हा मला त्या सहा बांध्यांपैकी एखादीत पडावंसं वाटलं.

मॅडम सोलापूरच्या. त्यांनी ते पत्र स्वतः आधीच वाचलं होतं. बाकीच्यांना त्यांनी त्याचा अर्थ हिंदीत सांगितला. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी आठही जणांच्या लाल रेघा एकेक करून भिंतीवर लावल्या आणि प्रत्येकाला विचारलं, तू कुठं गेला नाहीस?

मला हसून खुर्चीवरून पडता पडता राहिलेला भूपेंद्र, त्याचे वडील ट्रक चालवतात. तो दोन महिन्यांत एकदाही रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं गेला नव्हता. आचल नावाची मुलगी एकाही घरात खिडकीतून शिरली नव्हती, प्रत्येक वेळी दारानं. आणखी एक जण नदीत गुडघ्याच्या पुढे उतरलाच नव्हता. का ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मॅडमनी आम्हाला एकमेकांच्या जागा अदलून बदलून दिल्या, आणि चार दिवसांत एकोणीस दोष सापडले. त्यातले पाच एकट्या नदीत होते.

बांध्या मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या. दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक बांधी तिरपी, आडवी, उभी चालून बघायची. पहिल्यांदा धुऱ्यावरून खाली उतरताना माझा अंगठा बटण दाबेना. हे खोटं आहे, असं स्वतःला दोनदा बजावलं. मग चाललो. दोन दिवस चाललो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की आता काहीच वाटत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

मूल्यमापन पूर्ण केलं. दहापैकी साडेसहा. बंदुका उत्तम, जीप चालवायला जड, मुलूख देखणा, गोष्ट मध्येच रेंगाळते. माणसांच्या सदराखाली मी तुमची शंका लिहिली. या गावातली माणसं नुसती ओरडत पळतात, कुणी काम करताना दिसत नाही, आणि पीक तुडवलं तर एक म्हातारासुद्धा काठी घेऊन अंगावर येत नाही, त्यामुळे तो धान वाटत नाही, हिरवा रंग वाटतो. मॅडमनी ते वाक्य खोडलं नाही. तिकडून उत्तर आलं की मुद्दा चांगला आहे, पण आता वेळ उरलेला नाही.

बातमी ही की शेरा बदलला. नवीन शेरा आहे, 'दृष्टी चांगली, व्याप्ती वाढवावी'. आणि शुक्रवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मला आनंद झाला आहे. तुम्हाला कसं वाटेल याचा विचार करत हे पत्र लिहायचं दोन दिवस लांबवलं.

मायला माझ्या वतीनं तुम्हीच नीट सांगा.

तुमचा,
टिकेश


गोरेगाव, जि. गोंदिया,
१८ नोव्हेंबर २००८

चि. टिकेश यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

तुझी बातमी कळली. मायनं ऐकली आणि उठून गेली. मग शेजारच्या नंदाबाईला मोठ्यानं सांगताना ऐकू आली. मला ऐकू आली म्हणजे किती मोठ्यानं ते समज. धान घरी आला, उतारा बरा आहे. गावची दिवाळीनंतरची मंडई झाली, जत्रेसारखी गर्दी होती. रात्रभर नाटक होतं, मी अर्ध्यातून उठून आलो.

धान तुडवताना शेवटी काही वाटेना, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याची रोवणी कुणी केली नाही तो धान नव्हे. तू काम केलंस.

आता माझं सांगतो. तुझ्या चुकीबद्दलचं ते पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते, पण झाला. आता याला काढतील आणि हा परत येईल, एवढंच मनात आलं. पत्र खिशात घालून दोन दिवस गावात फिरलो. संस्थेच्या अध्यक्षांकडे जाऊन जागेचं बोलूनसुद्धा आलो. बांधीवर बिसराम भेटला, त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तोही खूश होईल. तो म्हणाला, "काऊन हासून राहिले थे लोक? पोरगं त धुऱ्यानंच गेलं ना. गुरुजी, तुमी शिकवलं ना तसं, मंग तुमी काऊन चूप आहा?" घरी येऊन मॅडमना पत्र लिहिलं. ते पेटीत टाकताना मला पक्कं ठाऊक होतं की याचा उपयोग झाला तर तू यायचा नाहीस. थोडा वेळ हात पेटीतच राहिला. पोस्टमास्तरला वाटलं अडकला.

शाळेतल्या जागेसाठी मी काल नकार कळवला. दुसरा एक मुलगा रुजू होईल, हुशार आहे.

तू तिथंच राहा. एवढं एक वाक्य लिहायला मी सकाळपासून बसलो आहे, आता टपाल निघायची वेळ झाली.

तुझा,
बाबूजी