लाभांशाची कंपनी

पप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय, तेही रागात. ऑफिसात आज एक निवृत्त गृहस्थ आले होते. कुठल्याशा व्हिडिओतून उतरवून घेतलेली दहा कंपन्यांची यादी त्यांच्या हातात होती. "मॅडम, यातली सगळ्यात जास्त लाभांश देणारी कोणती, तेवढं सांगा. बाकी काही नको." अगदी तुमचाच सूर. मी त्यांना पाऊण तास समोर बसवून ठेवलं. शेअरचा भाव पडला की तोच लाभांश टक्केवारीत कसा फुगून दिसतो, ते कागदावर काढून दाखवलं, आणि दाखवता दाखवता माझा आवाज इतका चढला की साहेब केबिनमधून बाहेर आले. ते गृहस्थ बिचारे छत्री विसरून निघून गेले. त्यांच्यावर ओरडायचं खरं तर काहीच कारण नव्हतं.

तुम्ही सातपूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. चांदवडकडच्या खेड्यातून आलेला मॅट्रिक झालेला माणूस शेअर घेतो, याचं अख्ख्या कॉलनीला कौतुक होतं, आणि तुम्हाला ते पुरेपूर ठाऊक होतं. कंपनी निवडायची तुमची रीत कुठल्या पुस्तकातली नव्हती. माल घेऊन गेटवर आलेल्या ट्रकड्रायव्हरला चहा पाजायचा आणि हळूच विचारायचं, ज्यांचा माल आणलास त्यांच्याकडे पगार किती तारखेला होतो, तुझं भाडं वेळेवर देतात का. उत्तर मनासारखं आलं आणि लाभांश सलग दहा वर्षं चुकलेला नसला की तुम्ही पैसे घालायचात. एकदा घेतलेला शेअर विकायचा नाही, हा नियम. लाभांशाचं वॉरंट, म्हणजे कंपनीचा चेकच, पोस्टानं आलं की बँकेत भरायच्या आधी दोन दिवस ते टीव्हीवर उभं असायचं, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते.

रविवारची सकाळ. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि मी ओट्याला टेकून कंपनीचा वार्षिक अहवाल वाचतेय. तुमचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. "चेअरमन काय म्हणतो ते वाच." चेअरमन दरवर्षी एकच म्हणायचा, येणारे दिवस चांगले आहेत. मला मात्र मागच्या पानांवरचे आकडे खुणावायचे. हे काय, ते काय, असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "ते शिकलेल्या लोकांचं काम हाय. आपण लाभांश बघायचा." मला ते शिकलेल्या लोकांचं कामच करायचं होतं. त्या स्वयंपाकघरातच मी ते ठरवलं, आणि ते वेड मला लावलंत तुम्हीच.

बी.कॉम. झाले आणि पुण्याच्या कॉलेजात एमबीएला नंबर लागला. फी आपल्या आवाक्याबाहेरची होती, पण बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त तुमची सही हवी होती. तुम्ही जेवत होता. फॉर्मकडे न बघता म्हणालात, "आपल्या घरात कर्जाचा कागद कधी आला नाय. माझ्या सहीनं तर येणारच नाय." मी म्हणाले, मग थोडे शेअर विका, सगळे नकोत, निम्मे. मी राहतं घरच विकायला काढलंय अशा नजरेनं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "दूध देणारी म्हैस कुणी विकतं का? अन् तू उद्या लग्न करून जाशील. येवढं शिकून कुणाचं भलं करणार?" आई भीतभीत म्हणाली, "अहो, पोरीची लय इच्छा हाय." तर "तू गप. तुम्हा बायांना यातलं काय कळतंय?" प्रवेशाची मुदत टळली. त्याच महिन्यात आलेल्या लाभांशातून तुम्ही मला एक कॅलक्युलेटर आणून दिलात, भारीतला, खोक्यासकट. मी तो घेतला आणि कपाटात ठेवून दिला.

मग इथंच शहरात, कॅनडा कॉर्नरला, या कर सल्लागारांकडे नोकरी धरली. जे पुण्यात फी भरून शिकायचं होतं, त्यातलं बरंच इथं लोकांच्या फायली चाळून शिकले. एकदा जेवणाच्या सुट्टीत तुमच्या सगळ्यात लाडक्या कंपनीचा अहवाल उघडला. धंद्यातून येणारा पैसा वर्षागणिक आटत होता, बँकांचं कर्ज वर्षागणिक वाढत होतं, आणि लाभांश मात्र ठरलेला. म्हणजे कंपनी कर्ज काढून तुम्हाला लाभांश देत होती. पप्पा, मला हसू आलं. डबा तसाच समोर ठेवून मी एकटीच हसत बसले. माझ्यासाठी जी सही तुम्ही केली नाहीत, तसलीच सही तिकडे कुणीतरी तुमच्या लाभांशासाठी दरवर्षी करत होतं, आणि ते वॉरंट आपल्या टीव्हीवर मिरवत होतं. घरी येऊन तुम्हाला हे सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं, बसू देत असेच.

तुम्ही निवृत्त झालात, फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली. तोवर त्या कंपनीचा भाव निम्म्यावर आला होता आणि तुम्ही खुशीत होता, स्वस्तात मिळतेय म्हणून. एका संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी आलात. एरवी सरळ आत येणारे तुम्ही त्या दिवशी "येऊ का?" म्हणालात. हातात अहवाल. "तू रोज हेच बघती ना ऑफिसात? जरा बघून सांग. सगळे पैसे हिच्यातच घालावं म्हणतोय. घेऊ का?" उभ्या आयुष्यात तुम्ही मला पहिल्यांदा काही विचारत होता. मी अहवाल हातात घेतला आणि पानं चाळल्यासारखं केलं. मला काही बघायची गरजच नव्हती. त्या फॉर्मवरची सहीची रिकामी जागा मला दिसत होती. मी म्हणाले, "घ्या."

दोन वर्षांनी तुम्ही गेलात, लाभांश चालू असताना, समाधानानं. पुढच्याच वर्षी लाभांश बंद झाला, आणि मग त्या शेअरला कुणी गिऱ्हाईक उरलं नाही. मी लग्न करून गेले नाही, तोही तुमचा अंदाज चुकला. घर माझ्या पगारावर चालतं आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आम्ही दरवर्षी पुढे ढकलतो. ती अजूनही शेजारणींना सांगते, "आमचे हे लय हुशार होते, त्या कंपनीनं फसवलं त्यांना." मी तिच्याजवळ मेथी निवडत बसलेली असते आणि मान हलवते.

वाटलं होतं, लिहून राग उतरेल. तो नाही उतरला. तुम्ही सही करायला हवी होतीत, हे मी आजही म्हणेन. पण त्या संध्याकाळी मी तुम्हाला धडा शिकवायला गेले आणि पैसे बुडाले आईचे. हे पत्र खरं म्हणजे तिला लिहायला हवं होतं. ती पलीकडच्या खोलीत पाय लांब करून पेपर वाचतेय, बारीक अक्षरसुद्धा तिला नीट दिसतं. तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.