वरच्या फळीवरचा उघडा डबा

मी, व्हर्ना टॉर्व्हिक, कै. ॲल्डन टॉर्व्हिक यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार कॉटनवुड बेंड, मोंटाना, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाखाली अगर भिडेखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. भीड मी जन्मात कोणाची धरली नाही, याची खात्री गावात कोणाकडेही करून घ्यावी. माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे. बिलिंग्जच्या डॉक्टरांनी ख्रिसमसचा शब्द दिलेला नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. याची प्रत मात्र आजच नेमबाजी क्लबाच्या दारावर लावायची आहे. एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, शिकारीचा हंगाम पुढच्या शनिवारी उघडतो आणि तोवर मी मरेन असा भरवसा नाही.

कलम १. राहते घर, गोठा आणि भोवतीची जमीन माझी मुलगी इन्ग्रिड हिला. ती विकणार, हे मी जाणून आहे, आणि त्याचा राग नाही. फक्त शेजारी मर्ल पेल्की याला विकू नये. त्याने आमच्या हद्दीत सहा फूट कुंपण सरकवले, आणि ॲल्डन "जाऊ दे" म्हणाला म्हणून ते गेले. ॲल्डन नाही, तेव्हा ते आता जाणार नाही. मोजणी करून घ्यावी.

कलम २. बँकेतली शिल्लक इन्ग्रिडलाच. त्यातून चर्चच्या स्वयंपाकघराला नवे कॉफीचे भांडे घेऊन द्यावे. ॲल्डनच्या अंत्यविधीला दिलेली कॉफी मी विसरलेली नाही.

कलम ३. घरच्या घरी काडतुसे भरण्याचे यंत्र, तराजू, साचे आणि माझ्या हस्ताक्षरातली वही टेसा ओस्ट्रँडर हिला. टेसा शाळेची बस चालवते आणि वर्षाला एका एल्कवर तीन पोरे पोसते. तिला भरणे मी शिकवले. ती प्रत्येक काडतूस तोलते आणि तोलताना बोलत नाही. क्लबातल्या एकाही पुरुषाबद्दल मला असे लिहिता येत नाही.

कलम ४. हे सर्वांनी चष्मा लावून वाचावे.

ॲल्डन रायफलीसाठी एकाच जातीची बारूद वापरत असे. इथले निम्मे लोक तीच वापरतात, म्हणून सगळ्यांत आधी तीच संपते. गेली दोन वर्षे दुकानाच्या फळीवर "माणशी एकच डबा" अशी पाटी आहे, डबा नाही. तीनशे डॉलरचा मोठा डबा आठशेला मागतात आणि घेणारा वर उपकार मानतो. त्यातही प्रत्येक घाण्याची, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली, बारूद जरा वेगळी जळते. घाणा बदलला की सगळी मापे नव्याने बसवावी लागतात. २००९ साली ॲल्डनने हजार यार्डांची स्पर्धा ज्या घाण्यावर जिंकली, त्यातला एक उघडा डबा आमच्याकडे उरला होता, पाऊणएक भरलेला. क्लबातली माणसे त्या डब्याबद्दल आवाज खाली करून बोलत.

मागच्या हिवाळ्यात ॲल्डनचे हात थरथरू लागले आणि तो नावे विसरू लागला. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा आमच्या घरातला नियम बायबलातल्या दहा आज्ञांच्याही वरचा. फेब्रुवारीत एके सकाळी तो पिस्तुलाची काडतुसे भरत असताना टेबलावर दोन डबे होते, एक पिस्तुलाच्या बारुदीचा आणि दुसरा तो जुन्या घाण्याचा. काम झाल्यावर यंत्रात उरलेली बारूद त्याने परत ओतली. मी विचारले, "कुठल्या डब्यात ओतलीस?"

"डब्यात," तो म्हणाला. "डब्यातली डब्यात."

आणि त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे विचारले नाही. तो झोपल्यावर पिस्तुलाचा डबा तोलला. त्यात एक दाणाही वाढलेला नव्हता.

पिस्तुलाची बारूद झटक्यात पेटते. ती रायफलीच्या काडतुसात गेली तर पोलाद फाटते, आणि ते पोलाद आपल्या गालाशी असते. वरून पाहून काही कळत नाही. बारीक दाणे हलता हलता तळाशी जातात. वरची पन्नास काडतुसे सुखरूप उडतील आणि एक्कावन्नावे डोळे घेऊन जाईल.

अशी बारूद त्याच दिवशी टाकून द्यायची असते. मी टाकली नाही. डबा नाहीसा झाला असता तर ॲल्डनने कारण विचारले असते. लेबलावर फुली मारली असती तर ती त्याला दिसली असती. पन्नास वर्षांत त्याच्या हातून ही एक चूक झाली, ती त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी डबा शेडमधल्या वरच्या फळीवर ठेवला आणि तोंड शिवून घेतले. माझे त्याच्यावर प्रेम होते, आणि ही माझी चूक आहे.

ॲल्डन मे महिन्यात गेला. चर्चच्या तळघरात जेवणे चालू होती. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे ज्याचे त्याचे ॲल्डनचे गुण गाऊन झाले. मग त्याचा धाकटा भाऊ ड्वेन हातात हॅम सँडविच घेऊन माझ्या शेजारी बसला.

"वहिनी, दादाची ती बारूद कोरड्या जागी आहे ना? नाही, तुला कशाला आता तो ताप."

शवपेटीवर अजून माती पडायची होती. मर्ल पेल्कीने निदान केक येईपर्यंत धीर धरला.

त्या दुपारी खुर्च्या ठेवायला दोघेही माझ्या शेडमध्ये गेले. तिसरे कोणी गेले नाही. संध्याकाळी वरची फळी रिकामी होती. त्याच बारुदीचे, पण नव्या घाण्याचे सहा बंद डबे कुलपात होते, ते राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी दोघांकडे गेले आणि डब्यात काय आहे ते सांगितले. दोघांनीही कानावर हात ठेवले. ड्वेन वर म्हणाला, "मी नाही नेली. पण वहिनी, ज्यानं नेली त्याला तू दुसरं काय सांगणार? छान आहे, वापर म्हणून?"

मी एका उघड्या डब्याच्या बदल्यात दोन बंद देऊ केले. त्याने तर घात झाला. मर्लने कॅफेत सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "आवळा देऊन कोहळा काढतेय म्हातारी. तिला तो जुना घाणा हवाय." त्या दिवसापासून चोराची खात्रीच पटली की त्याच्याकडे सोने आहे.

यात माझाही वाटा आहे. १९९८ साली मी गावभर सांगितले होते की आमच्या टेकडीवरच्या बेरींच्या झुडपांत पिलांसह अस्वलीण हिंडते. अस्वलीण नव्हती. बेरी मला एकटीला हव्या होत्या. ही गोष्ट इथे अजून सांगतात, आणि बरोबरच सांगतात. तेव्हा बारुदीच्या या दुष्काळात व्हर्ना टॉर्व्हिक कोणाच्या भल्याचे बोलेल, यावर कोण विश्वास ठेवील?

कलम ५. ड्वेन टॉर्व्हिक आणि मर्ल पेल्की या दोघांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. ॲल्डनची रायफल नाही, कोट नाही, खिळा नाही. एकाने चोरी केली म्हणून, आणि दुसऱ्याने मला खोटी ठरवली म्हणून. कोणता कोण, हे मला माहीत नाही.

कलम ६. उरलेले सहा बंद डबे टेसाला द्यायचे ठरले होते. ते कलम आज रद्द होत आहे, टेसाच्या संमतीने. तिला मी सर्व समजावून सांगितले. तिने एकेक डबा उचलून टेबलावर मांडला आणि म्हणाली, "मावशी, एल्क मला उधारीच्या काडतुसांनीही मारता येईल. झाकणं मी काढते."

ड्वेन आणि मर्ल यांना मी निरोप धाडला होता की बारुदीबद्दल बोलायचे आहे, आज अकरा वाजता या. दोघेही पावणेअकराला हजर. त्यांच्या देखत टेसाने सहाच्या सहा डबे फोडले आणि आम्ही दोघींनी ती बारूद बटाट्याच्या रिकाम्या वाफ्यात पसरली. मी नळीने पाणी मारले. ड्वेन ओरडत होता, "वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? अगं, पाच हजार डॉलर आहेत ते!" मर्लने टोपी काढून डोके धरले. बारूद करडी होती, भिजल्यावर काळी झाली.

मी दोघांना सांगितले तेच इथे लिहिते. मला आता बारूद नको, पैसा नको, जुना घाणा नको. माझ्याकडे दाणा नाही आणि मला दाणा नको. मरायला टेकलेल्या बाईला यात मिळवण्यासारखे काही उरलेले नाही. आता तरी माझे ऐका. तो डबा ज्याच्याकडे आहे त्याने तो उघडू नये.

या मृत्युपत्राची व्यवस्था इन्ग्रिड पाहील. खाली सही करणाऱ्या साक्षीदारांनी मला सही करताना आणि डबे रिते करताना पाहिले आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: व्हर्ना टॉर्व्हिक
साक्षीदार: ग्लेनिस हॉफ, ग्रंथपाल
साक्षीदार: इमेट ब्रूडर, निवृत्त पोस्टमन
कॉटनवुड बेंड, शनिवार, १५ ऑक्टोबर २०२२

पुरवणी. आज सकाळी उजाडताना डबा माझ्या पोर्चवर ठेवलेला मिळाला. सोबत पन्नासाच्या खोक्यात भरलेली त्रेचाळीस काडतुसे होती. सात झाडलेली आहेत. इमेटने माझ्यासमोर डबा वर्तमानपत्रावर ओतला, आणि शेवटी तळातून पिस्तुलाची बारूद निघाली, मूठभर. त्याने ती मला दाखवली आणि खुर्चीत बसला.

डबा कोणी ठेवला ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. त्यानेही मला पाहिले. तो पायरीवर उभा राहिला, मी दार उघडले नाही, मग तो गेला. हंगामाला तो जाईल आणि दोन्ही डोळ्यांनी परत येईल.

त्याचे नाव मी लिहीत नाही. कलम ५ आहे तसेच कायम ठेवते. दोघांनाही काही मिळणार नाही, म्हणजे तो कोण हे गावाला कधी कळणार नाही.

सही: व्हर्ना टॉर्व्हिक
साक्षीदार: ग्लेनिस हॉफ, इमेट ब्रूडर
कॉटनवुड बेंड, मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२