बुटातला कागदाचा बोळा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे डावा पाय, सध्या रजेवर आहे. बाकीच्यांवर भागवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम, पाय सोडून.

झालं असं, की मी नवे बूट घेतले. जन्मभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसलो, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बुटातला कागदाचा बोळा काढून दिला, आणि स्वतःच्या बुटातला काढायला विसरलो. दिवसभर तसाच हिंडलो. टोचलं नाही. साखरेने पायाची जाणीव कधी उचलून नेली, कळलंच नाही (चोर असावा तर असा). संध्याकाळी मोजा काढला तर अंगठ्याखाली जखम. मालक म्हणाले, "अहो, दुकानाची अब्रू घालवलीत." पुढे जखम काही केल्या भरेना. एका सर्जनने तर अंगठ्याकडे असं पाहिलं, जसा शिंपी जास्तीच्या कापडाकडे पाहतो.

मग या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या माझ्या हातातून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, आणि वर जो पिवळसर भाग येतो तो जखमेवर सोडून पट्टी बांधतात. त्यात प्लेटलेट भरपूर असतात, त्या जखम भरायला मदत करतात म्हणे. मी म्हटलं, "बाई, ज्या रक्ताने घर बुडवलं त्यालाच दुरुस्तीचं काम देताय?" त्या म्हणाल्या, "काका, कारागीर चांगले आहेत. जिभेवर तेवढा मुकादम नेमा." जखमेच्या कडा आता आत सरकल्या आहेत. अंगठा राहील.

पण दर खेपेला त्या नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवून विचारतात, "कळतंय का?" मी डोळे मिटून "हो" म्हणतो. हा माझाच प्रश्न, ताई. "कुठे टोचतंय का?" मी विचारायचो, आणि माणसं लंगडत "छे, छान बसलाय" म्हणायची, कारण बूट मनात भरलेला असायचा. काल मी "हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "काका, मी अजून लावलाच नाही."

जखम भरेल म्हणतात, पण जाणीव परत येईल असं मात्र त्या कबूल करत नाहीत. (खोटं बोलता येत नाही बाईंना. आमच्या दुकानात टिकल्या नसत्या.) पाय टेकायचा नाही असा हुकूम आहे, म्हणून दिवसभर तो स्टुलावर ठेवून बसतो. ओल्या फरशीचा गारवा आठवतो. चपलेत शिरलेला खडा आठवतो. त्याला किती शिव्या दिल्या असतील! आता भेटला तर बसायला खुर्ची देईन.

तू काळजी करू नकोस आणि मुळीच येऊ नकोस. आमचा जिना उभा आहे, आणि तुझे गुडघे तसे.

तुझा धाकटा,
गोटू

ता. क. जिन्याला आता कठडा बसवला आहे.

आणखी एक. तू मला शाळेसाठी उठवायचीस ते तळव्याला गुदगुल्या करून. जागा असलो तरी मी त्यासाठी पडून राहायचो. ती नेमकी जागा तुलाच ठाऊक. बाईंचा दोरा तिथवर पोचत नसावा. उजव्या पायाला जखम नाही, पण तोही गप्पच आहे. त्याच्यावर करून बघ. कळलं नाही तर मी खोटं हसेन, आणि तू ओळखशील. तरी ये.