तळ्यात उतरलेल्या बाईंना

बाई, शाळेच्या अंकासाठी गावाची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. इतिहास, प्रेक्षणीय स्थळं, सगळं थोडक्यात आणि वाचणाऱ्याला अभिमान वाटेल असं. आज रविवार आहे. जेवणं उरकली, सासूबाईंना औषध दिलं आणि ओटीवर कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य लिहिलं, 'पनवेल हे एक निसर्गरम्य गाव आहे', आणि तिथेच अडले. हेच वाक्य मी तिसरीत निबंधात लिहिलं होतं आणि तुम्ही वही माझ्या पुढ्यात परत टाकली होतीत. "निसर्गरम्य म्हणजे काय गं? कुठे पाहिलंस ते?" वर्ग हसला. "मग पाहिलंयस तेवढंच लिही," म्हणालात.

मी रडत वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसले. आमचे दादा बैलगाडीची चाकं करायचे. त्या दिवशी भट्टीत लाल केलेली लोखंडी धाव ते लाकडी चाकावर चढवत होते. वरून पाणी ओतलं की चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि लोखंड लाकडाला घट्ट आवळून बसतं. ते मी लिहिलं. चाकं न्यायला घाटावरून येणारे गाडीवान लिहिले, बंदरावर भात आणि मीठ भरणारी गलबतं लिहिली. तुम्ही शेरा काहीच दिला नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन कारखान्यात आलात. दादा गडबडून सदरा शोधत होते ते मला अजून दिसतं. त्यांच्या कामाकडे बघायला मुद्दाम कुणी आलं, असं त्यांच्या आयुष्यात तेव्हाच झालं असावं. रात्री जेवताना त्यांनी आईला दोनदा सांगितलं, "बाईंनी धाव कशी चढवतात ते विचारलंन."

मग तुम्ही आम्हाला सगळं गाव दाखवलंत. बंदर, भाताच्या गिरण्या, एकामागून एक तळी, तळ्याकाठची देवळं आणि दर्गे, आणि शाळेच्या मागून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका. "पाणी होतं म्हणून हे गाव वसलं," तुम्ही सांगायचात. "खाडीतून माल आला, नदीने शेती दिली, तळ्यांनी पिण्याची सोय केली." आम्ही ते पाठ केलं. पाण्याबद्दल आम्हाला तेवढंच माहीत होतं.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी गाढी नदीत बुडाली तेव्हा भाद्रपद संपत आला होता. पूर ओसरला होता, पाणी कमरेएवढंच दिसत होतं. आईबरोबर कपडे धुवायला गेली, वाहून चाललेला परकर धरायला दोन पावलं पुढे झाली आणि खड्ड्यात गेली. काठावर बायका होत्या. त्यांनी लुगडी फेकली, हाका मारल्या, पण पाण्यात उतरणारी एकही नव्हती, कारण पोहायला कुणालाच येत नव्हतं. पुरुषमाणसं धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी तुम्ही खिडकीशी उभ्या होतात. मग वळून विचारलंत, "तुमच्यापैकी पोहता कुणाला येतं?" एकही हात वर झाला नाही. "मलाही येत नाही," तुम्ही म्हणालात. "एका बाजूला नदी, खाली खाडी, गावात पावलोपावली तळी. आणि आपण इतक्या जणी कोरड्या."

बंदरावरची एक मासळीवाली मावशी शिकवायला तयार झाली. गव्हाण गावची, मोठ्या आवाजाची. वडाळे तळ्यावर आम्ही सकाळी जमतो. परकराचा काच्या मारून मुली पायऱ्यांवर उभ्या, पाय पुढे टाकायला कुणी तयार नाही. तुम्ही चपला काढता, नऊवारीचा काष्टा घट्ट करता आणि सगळ्यांच्या आधी उतरता. छातीएवढ्या पाण्यात पाऊल घसरतं, तुम्ही खाली जाता, आणि केसांत शेवाळ घेऊन खोकत वर येता. तुम्ही दोन्ही हातांनी पाणी धरायला बघता. तुम्हाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघते आहे. मावशी तुमच्या पाठीखाली हात धरून म्हणते, "बाई, पान्याला धरायला जाव नका. पान्यावर निजा. मी हाय ना, सोडनार नाय." आणि तुम्ही, ज्यांच्या आवाजाने व्हरांडा गप्प व्हायचा, त्या तिच्या हातावर लहान मुलीसारख्या निजता. ते बघून माझी भीती गेली, बाई. त्या सगळ्या हिवाळ्यात आम्ही शिकलो. एकदा मी तळ्याच्या मध्याजवळ उताणी तरंगत होते, कानांत पाणी, वर नुसतं आभाळ, आणि मला हाक मारणारं कुणी नव्हतं. तसं मोकळं मला त्यानंतर फारसं वाटलेलं नाही.

गावात बोलणं सुरू झालंच. तुम्ही एकट्या राहायचात, त्यावरून आधीही बोलायचेच. मुली ओल्या कपड्यांनी रस्त्याने येतात, पुरुष बघतात, उद्या यांची लग्नं कोण करणार. शेवटी शाळेच्या कमिटीने सभा बोलावली. पालक म्हणून दादांना बोलावणं आलं आणि दादा मला सोबत घेऊन गेले. मी दाराशी उभी होते.

कमिटीचे अध्यक्ष गिरणीचे मालक होते. माणूस वाईट नव्हता. शाळेला कौलं त्यांनीच दिली होती. ते समजुतीने म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला, आम्हाला मान्य आहे. चूक झाली एवढं म्हणा. विषय इथेच संपवू."

"चूक झाली असती तर म्हटलं असतं," तुम्ही म्हणालात.

"अहो, शब्दच तर आहे. शाळा चालू राहील, तुम्ही राहाल. पोहणं तेवढं बंद."

"मुलगी बुडाली तेव्हा सभा भरली नव्हती," तुम्ही म्हणालात. "मुली पोहायला शिकल्या तेव्हा भरली."

अध्यक्षांनी दादांकडे पाहिलं, "तुमची मुलगी जाते ना? तुमचं काय म्हणणं?" दादा उठून उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि काही न बोलता खाली बसले. घरी येताना मी त्यांना विचारलं, "बाईंचं बरोबर आहे ना?" ते म्हणाले, "बरोबरच आहे. पण बरोबर असून राहायचं कुठं, ते नाय त्यांनी बघितलं."

तुमची उरणच्या बाजूला बदली झाली. तुम्हाला पोचवायला आम्ही मुली बंदरावर आलो होतो. लाँचमध्ये तुमची ट्रंक ठेवली, वळकटी ठेवली. तुम्ही आमच्या डोक्यांवरून हात फिरवलात आणि "अभ्यास सोडू नका" म्हणालात. मावशी काठावर मोठ्याने रडत होती, तुम्ही नाही. पुढच्या पावसाळ्यात हिवतापाने तुम्ही गेलात, ही बातमी तिनेच आणली. टोपली आमच्या दारात टेकवून म्हणाली, "बाई ऱ्हायली नाय गो."

तुमच्यामागे काय झालं ते तुम्हाला कुणी कळवलं नसेल. नव्या बाई भित्र्या होत्या. बहुतेक मुलींना घरच्यांनी शाळेतून काढलं. माझ्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीचं वर्षभरात लग्न झालं. परवा बाजारात भेटली तेव्हा तिने मला औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवायला सांगितलं, बाई. तिला अक्षरं लागत नाहीत आता. मला दादांनी घरी बसवलं. लग्नानंतर, मूल मांडीवर घेऊन, मी सातवीच्या फायनल परीक्षेला बसले आणि मास्तरीण झाले. तेही नवऱ्याने हो म्हटलं म्हणून.

आता मी त्याच शाळेत आहे. 'चूक झाली' मी किती वेळा म्हटलं याचा हिशेब नाही. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, मी ते सभेत बोलले, अध्यक्षांना राग आला. मी चूक झाली म्हटलं. महिन्याभरात दार आलं. सातवीतल्या एका मुलीचं लग्न थांबवायला तिच्या घरी गेले, तक्रार झाली. चूक झाली म्हटलं. मुलीचं लग्न झालंच, पण परीक्षेनंतर. अशी शाळा चालते. मान खाली घालून घालून दुखायला लागते, संध्याकाळी घरी आले की बोलावंसंही वाटत नाही. पण पटावर मुली आहेत, आणि त्यांच्यातल्या काही मॅट्रिकला बसतील.

गाव तुम्ही ओळखणार नाही. रेल्वे आली आहे. खाडी गाळाने भरत चालली, लाँच भरतीची वाट बघत उभी असते. गाड्यांना रबरी चाकं आली तसा दादांचा कारखाना बंद झाला, आणि मागोमाग दादाही गेले. तळी आहेत. उन्हाळ्यात मुलगे धडाधड उड्या मारतात. मुली कडेला पाय भिजवतात. माझ्या मुलीलाही पोहता येत नाही.

अंकात तुमच्याबद्दल लिहावं असं मनात होतं. लिहिलं तर पहिली दोन वाक्यं ठेवतील आणि बाकीचं काढतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून कर्नाळ्याचा किल्ला लिहीन, बंदर लिहीन, देवळं लिहीन. हे पत्र घडी करून ट्रंकेत साड्यांच्या तळाशी जाईल. तुम्ही असतात तरी मी ते पोस्टात टाकलं नसतं. त्या सभेतलं तुमचं बोलणं मी मोठ्या अभिमानाने मुलींना सांगते, ताठ उभी राहून सांगते. पण खरं सांगू का, बाई? तुम्ही चूक झाली म्हणायला हवं होतंत, असं मला वाटतं. खोटं का होईना. आम्हाला तुम्ही हव्या होतात.