दुसरं कडवं

८ डिसेंबर

बाबांचं स्वरयंत्र काढणार. पूर्ण! डॉक्टर सावकाश समजावून सांगत होते आणि बाबा नुसती मान हलवत होते, गळा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी. तारीख १९. आणखी थांबणं नाही. त्यानंतर आवाज नाही—कधीच.

चाळीस वर्षं काशीच्या अमृतराव घाटावर यजमानांना संकल्प सांगणारा माणूस. रिक्षात एवढंच म्हणाले, यजमानांना काय, दुसरा कुणी मिळेल.

मला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा, ते कळेना.

१० डिसेंबर

अल्बमची सात गाणी झाली. पहिलाच अल्बम, आणि त्याला दोन वर्षं! गंगेपलीकडे रामनगरला विश्वेशच्या माडीवर, भिंतींना रजया ठोकून. तो गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंगही करतो, मुकुल ड्रम्सवर, मी गाते.

आठवं गाणं आजोबांची भूपाळी—गंगेला जागं करायची. शब्द त्यांचे, चाल त्यांची, कागदावर एक सूर नाही. येते फक्त बाबांना. मी शिकले नाही. बाबा आहेतच की, म्हणून! आता बस बोंबलत.

बाबांना विचारलं, माइकसमोर गाल का. त्यांनी पंचांग चाळलं. मग म्हणाले, पंधराला येतो.

१३ डिसेंबर

वाईचे दत्तूकाका गेले. काल रात्री. बाबांचे चुलतभाऊ, पण सख्ख्यापेक्षा जास्त—लहानपणी सात वर्षं काशीला आमच्याच घरी शिकायला होते. सकाळी उठून मोबाइल बघितला तर घरच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाचा, श्रीनिवासचा मेसेज.

वाचल्यावर मला काका आठवले नाहीत. मी बोटं मोजली. दहा दिवसांचं सुतक, फिटणार २१ला. गळा जाणार १९ला. आणि सुतकात बाबा देवाचं अक्षर तोंडातून काढत नाहीत. भूपाळी संपली!

पण कळलंच नाही तर सुतक लागत नाही. हे मला बाबांनीच शिकवलंय.

त्यांच्याकडे बटणांचा फोन, ग्रुपचा प्रश्नच नाही. तो फोनसुद्धा मी काढून घेतला. डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, म्हटलं. निमूट दिला.

मी सुतक मानत नाही. पण ते मानतात. म्हणून तर हे पाप.

१४ डिसेंबर

बाबांनी देवपूजा शेजारच्या काशीनाथकाकांकडे सोपवली. हात थरथरतो म्हणे. बरंच झालं, निदान देवांना सुतकातला हात लागणार नाही. कसली बेरकी झालेय मी!

चोराच्या मनात चांदणं. जेवताना त्यांनी नुसतं वर पाहिलं तरी मी वाढायच्या निमित्ताने उठते.

१५ डिसेंबर

कोहरा—दाट धुकं. गाडी सांगितली होती पुलावरून जायला, तर म्हणाले, नावेनेच जाऊ. मफलर गुंडाळून बसले.

पहिल्या टेकला वीज गेली. दुसरा पूर्ण झाला. काय गायले! आवाज खरखरीत, पण सूर जागच्या जागी. दुसऱ्या कडव्यात मात्र आवाज फाटला, पार फाटला. थांबले नाहीत, डोळे मिटून शेवटपर्यंत गेले. मुकुलने हळूच विचारलं, "बाबूजी, एक बार और?" त्यांनी हात हलवला. नाही.

परतताना नावेतून पाण्यात हात सोडून बसले होते. मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. पण मी नावाड्याला द्यायचे पैसे मोजत बसले.

१६ डिसेंबर

विश्वेश म्हणतो, ते कडवं कॉम्प्युटरवर दुरुस्त करू. नाहीतर लोक म्हाताऱ्याची कीव करतील, गाणं ऐकणार नाहीत. मुकुल चिडला, दोघांची जुंपली. मग माझ्याकडे बघायला लागले.

कर साफ, म्हटलं. मला ती फाट ऐकवत नाही. बाबांचा गळा माझ्या खोटेपणानेच फाटला असं वाटत राहतं.

१९ डिसेंबर

सात तास. झालं.

२१ डिसेंबर

सुतक फिटलं. पहाटे डोक्यावरून गार पाणी घेतलं. मी! न मानणारी.

आज पहिल्यांदा दत्तूकाकांसाठी रडले.

२४ डिसेंबर

सांगितलं. बाबांच्या खाटेशी बसून, सगळं. मेसेज, फोन, पंधरा तारीख. तुम्हाला सुतकात गायला लावलं, म्हटलं, मला काय हवं ते बोला. बोला म्हणाले मी! कुणाला!

त्यांनी उशाची पाटी ओढली. कितीतरी वेळ लिहीत होते.

"श्रीनिवासचा फोन तेराला पहाटेच आला. तू झोपली होतीस. म्हणून तर पूजा काशीनाथकडे दिली."

पुसलं. परत लिहिलं.

"दत्तूला ते दुसरं कडवं फार आवडायचं."

बाहेर व्हरांड्यात येऊन विश्वेशला फोन केला. म्हटलं, साफ केलेलं काढून टाक. होतं तसं ठेव.