पान्ह्याची भिंत

प्रिय इरीनी,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, भिंत कशी आहे, आणि मी म्हणतो, आहे. सुरुवातीला ते खरं होतं. पुढे मी 'आहे' म्हणून लगेच तुझ्या खाण्यापिण्याचं विचारू लागलो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझी आई असती तर तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला असता आणि सगळं सांगून टाकलं असतं. मला बोलून जमत नाही. भिंतीचं बरं नाही. क्रमानं लिहितो. वाचताना मध्येच फोन करू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात भिंतीवरच्या मरियमच्या झग्याच्या काठावर पांढरी लव दिसली. बोटाला लावून जिभेवर ठेवली, खारट होती. कालव्याला बारमाही पाणी आलं आणि जिकडेतिकडे ऊस झाला, तेव्हापासून कोम बशीरमधल्या प्रत्येक घराला कमरेपर्यंत लोणा आहे. आपल्या स्वयंपाकघराचा गिलावा मी किती वेळा बदलला ते तू पाहिलंच आहेस. पण दर्ग्यातली भिंत याच ओलीत उभी राहून टिकली होती, म्हणून मी तिकडे निर्धास्त होतो. मी रिदवानला बोलावलं. त्याला आता चालवत नाही, टुकटुकमधून उतरून दारापर्यंत यायलाच त्याला दम लागला. भिंग लावून त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्या बाईला कोड फुटलंय, वनीस." मी म्हटलं, मौलाना, तुमची ओळ तिच्या अंगावरून उतरवली, म्हणून तिला थंडी वाजली असेल. आम्ही दोघं हसलो. तेवढंच.

रिदवानची आणि माझी सगळी उमर या एका भिंतीवर गेली. वरच्या जुन्या चुन्यावर शाईनं लिहिलेली दुआ त्याच्या अभ्यासाची. तिच्याखाली गिलाव्यावरची, बाळाला पाजणारी मरियम माझ्या. आणि मरियमच्याही खाली, जिथे गिलावा निसटला होता तिथे, दगडात कोरलेलं जुन्या काळच्या देवीचं, इसिसचं पाऊल आणि मांडीवरच्या मुलाची टाच. ती वाचणारा आमचा तिसरा सोबती लवकर गेला, त्यामुळे इसिस पोरकीच राहिली. रिदवानची दुआ कुणा बाईची होती. बाळासाठी दूध मागितलं होतं. बाकी काही नाही, नावसुद्धा नाही. त्या एका ओळीवर त्यानं एवढी वर्षं लिहिलं, आणि लोक त्याला हसायचे, की सुलतानांचे शिलालेख सोडून हा बायकांच्या दुधामागे लागलाय.

बायकांचं तर तुला माहीतच आहे, पण आता ते मला पुन्हा पहिल्यापासून लिहावंसं वाटतं. ज्या बाळंतिणीला दूध येत नसे, ती सिद्दी बशीर पिराच्या दर्ग्यात जायची. मुसलमान असो, आपल्यातली ख्रिस्ती असो. भिंतीचा सुटलेला पोपडा चिमटीत घ्यायची, पाण्यात कालवून प्यायची. पान्हा फुटला की उरुसाला परत यायची आणि भिंतीला स्वतःच्या तळव्यानं चुन्याचा एक हात द्यायची. त्या चुन्यात आपल्या दुधाचे थेंब घालायची. कुंचला चालत नसे. दर्ग्याची किल्ली हज्जा सनियाच्या घरात असे, आधी तिच्या सासूकडे, त्याआधी सासूच्या सासूकडे. तू झालीस तेव्हा तुझ्या आईलाही दूध नव्हतं. ती मला न सांगता गेली होती. मी शिकलेला माणूस, चर्चमध्ये वाचन करणारा, मला राग येईल असं तिला वाटलं. नंतर तिच्या नखांत चुना दिसला तेव्हा मला कळलं. मी रागावलो नाही. तू पीत होतीस.

तू भिंत उघडलीस त्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तू रोमहून शिकून आली होतीस. भिंतीवर फळी बांधून तू त्यावर बसायचीस. खाली सनिया पाय पसरून उन्हात फुगवलेल्या भाकरीचे तुकडे मोडत तुला टोमणे मारायची, की बापानं एवढं शिकवलं ते काय आमचा चुना खरवडायला. तू वरून तिला म्हणायचीस, हज्जा, चुन्याखाली कोण आहे बघायचं नाही का तुला. चुन्याचे थर उतरत गेले. रिदवानची ओळ तू कापडावर इतक्या अलगद उचललीस की त्याचे डोळे भरून आले. मग मरियमचा डोळा दिसला. तू फळीवरून मला हाक मारलीस, आणि ती हाक अजून माझ्या कानात आहे. सनियाही उठून उभी राहिली. ती म्हणाली, "ही तर सारखी इथंच होती की." नंतर तू चेहऱ्याला, हाताला, झग्याला पारदर्शक कृत्रिम राळ दिलीस, रंग ओला असल्यासारखा उजळला. दोरी लागली, पाटी लागली, भिंतीला हात लावू नये. उरुसाचा चुना बंद झाला. जगभरातून माणसं आली. त्या वेळी सगळीकडे हेच करत होते, सगळ्या पुस्तकांत हेच होतं. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहितो.

बायकांनी वाद घातला नाही. त्या यायच्या, दोरीपाशी उभ्या राहायच्या, परत जायच्या. पुढे येईनाशा झाल्या. धाकट्या सुनेला मुलगी झाली तेव्हा सनिया मला बाजारात गाठून म्हणाली, "उस्ताद, तुमच्या इरीनीनं भिंतीला प्लास्टिकचा कोट चढवला आणि आमच्या सुनेच्या नशिबी डब्याचं दूध आणलं." भोवतीची माणसं हसली. मीही हसलो.

तर, लव दिसल्यावर मी वर कळवलं. तिथे जे झालं त्यावर तू रागावशील, म्हणून थोडक्यात सांगतो. दगड एका खात्याचा, दगडावरचा गिलावा दुसऱ्या खात्याचा. पहिल्या खात्याचा माणूस आला आणि म्हणाला, इसिसचं पाऊल ठीक आहे, वरचं आमचं नाही. दुसऱ्याचा आला आणि म्हणाला, ओल दगडातून येते आहे, दगड आमचा नाही. दोघेही सभ्य होते. दोघांनीही चहा घेतला. रिदवान म्हणाला, या दोघांमध्ये ओलच तेवढी आहे जी कुणाची परवानगी न घेता वर जाते. हिवाळा लागेपर्यंत मरियमचा गाल फुगला. खरंच फुगला, इरीनी, दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. बोटानं हलकं वाजवलं की आतून पोकळ आवाज यायचा.

मग मी स्वतःच अस्यूतहून सौसनला बोलावलं. ती विद्यापीठात रसायन शिकवते, तुला ओळखते, तुझ्याबद्दल आदरानं बोलते. तिनं बारीकशी खपली काढून नेली आणि काही आठवड्यांनी परत आली. तिला बोलायला जड जात होतं. तिनं सांगितलं ते असं. ओल खालून मीठ घेऊन येते आणि पृष्ठभागावर सोडून उडून जाते. इतकी शतकं तो पृष्ठभाग चुन्याचा होता. मीठ चुन्यात शिरायचं, चुना पोपडे होऊन गळायचा, बायका ते पोपडे पिऊन टाकायच्या आणि पुढच्या उरुसाला नवा चुना यायचा. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं. चुना गेला आणि त्या जागी राळ आली. राळेतून मीठ बाहेर पडत नाही. ते रंगाच्या मागे साचत गेलं आणि आतून ढकलत राहिलं. मी विचारलं, राळ काढता येईल? सौसन म्हणाली, "काढली तर रंग तिच्याबरोबर येईल. ठेवली तर रंग मिठाबरोबर येईल." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, की हे मुलीला तुम्हीच सांगा, मी लिहिणार नाही.

मी लिहिलं नाही. तूबा महिन्यातली कडाक्याची थंडी पडली आणि भिंत आकसली. रिदवान आणि मी रोज दुपारी जाऊन बसायचो, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं. एका दुपारी आम्ही तिथेच होतो. मोठा आवाज वगैरे झाला नाही. गाल सुटला, त्याच्यामागून मान, मग बाळाचा हात, आणि सगळं एकाच कातडीसारखं लोंबत खाली आलं. राळ दगडापर्यंत मुरली होती, त्यामुळे दगडाचा वरचा पापुद्राही तिला चिकटून आला. इसिसचं पाऊल गेलं, मुलाची टाचही. मरियम आणि इसिस, दोघी एकाच वेळी गेल्या. मागे नुसता ओला, भुसभुशीत दगड राहिला. रिदवान म्हणाला, "माझी ओळ वाचली." ती गोदामात फळीवर चिकटवलेली आहे. तो ते आनंदानं म्हणाला नाही. दर्ग्याबाहेर त्या ओळीला काही अर्थ उरलेला नाही, हे त्याच्याएवढं कुणाला कळणार. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही. मी गेलो तर तोंड भिंतीकडे करून पडलेला असतो.

गावात बातमी पोचली आणि बायका आल्या. इतक्या वर्षांनी दोरी ओलांडून आत आल्या. वाट्या, पेले, एकीच्या हातात तर डब्याच्या दुधाचाच रिकामा डबा. त्या जमिनीवर बसून चुरा गोळा करू लागल्या, जपून, एकमेकींना वाटून देत. एक कोवळी पोरगी होती, छातीशी रडणारं मूल. ती तिथेच पेल्यात पाणी घालून चुरा कालवत होती. मला तिचा हात धरावा लागला. मी सगळ्यांना सांगितलं, हे पिऊ नका, हा चुना नाही. सनियानं वाटीतला चुरा बोटानं चाळवला. त्यात निळ्या रंगाचे चकचकीत, वाकणारे तुकडे होते. तिनं मला विचारलं, "मग हे आहे तरी काय, उस्ताद?" या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. बायकांनी वाट्या माझ्यासमोर पालथ्या केल्या आणि निघून गेल्या. तो ढीग अजून तिथेच आहे. उचलायची परवानगी कोणत्या खात्यानं द्यायची ते ठरलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू कळवलं होतंस की वसंतात तू डोंगरातल्या मठाचं काम सुरू करणार, घुमटाखालच्या सगळ्या भिंतींचं. तिथले साधू दर उपासकाळात चुना फासतात तो आधी बंद करायला हवा, आणि मठाचे मुख्य अबूना सरबामून माझं ऐकतात म्हणून मी त्यांच्याशी बोलावं. मी काल जाऊन आलो. त्यांना सांगितलं, चुना थांबवू नका, आणि माझ्या मुलीला भिंतीला हात लावू देऊ नका. ते म्हणाले, "तिच्या जन्माचं काम जाईल यात, वनीस. तुझीच मुलगी ना ती?" मी म्हटलं, हो, म्हणून स्वतः आलो. दार बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलं. तुला त्यांचा नकार कारण न देता येईल. कारण मी आहे, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तू फोन करशील. मी उचलेन. तू केला नाहीस तरी मी इथेच असेन.

तुझाच,
बाबा