कोपऱ्यातला पिंजरा

प्रिय ग्यू-हान,

मी-रानच्या आजाराचं तू कळवलंस, आणि आमच्या नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेता येईल का, असं विचारलंस, त्याला आठवडा होऊन गेला. उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या घातल्या असशील. घाल. डेजॉनच्या प्रयोगशाळेत होतास तेव्हा तर तोंडावर घालायचास.

परवा प्रयोगात मेलेल्या उंदरांचं वार्षिक स्मरण झालं. नेहमीसारखंच, त्यांच्या स्मारकाच्या दगडासमोर सफरचंदं, तांदळाच्या वड्या आणि उंदरांचं रोजचं खाणं. नवी पोरं हसू दाबत होती. तू तर वाकून नमस्कार करताना हळूच म्हणायचास, पुढच्या जन्मी मांजर व्हा रे बाबांनो! यंदा मला मात्र तो कोपऱ्यातला पिंजरा आठवला आणि वाकलेली मान वर होईना.

तेव्हा तुझ्याकडे एक जनुक, माझ्याकडे दुसरं. दोन्ही कर्करोगाच्या गाठीला लगाम घालणारी, दोन्ही विषाणूत भरून गाठीत सोडायची. तुझ्यानं गाठ थबकायची, माझ्यानं जरा आटायची, आणि थोड्या दिवसांत दोन्हीकडे पुन्हा फोफावायची. तरी आपला तोरा काय, तर माझंच जनुक खरं! आपले प्रमुख, नाम सर, कपाळाला हात लावून म्हणायचे, एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? आणि त्या शनिवारी तो पिंजरा मला माझा वाटला, तुला तुझा. सकाळी मी सुई टोचली, दुपारी तू. उघडकीला आलं तेव्हा अख्खा मजला ऐकेल असे भांडलो. तू मला आंधळी म्हणालास, मी तुला चोर. अरे, त्या गाठी विरघळत होत्या! दोघांनीही पाहिलं. पण प्रयोग बाटला होता, आणि बाटलेल्या प्रयोगातलं काही खरं धरायचं नाही, हे आपल्याला तोंडपाठ. रागाच्या भरात ते उंदीर मारून टाकले. पुढं तू मी-रानशी लग्न करून बुसानला गेलास. मी लग्नाला आले नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

दोन्ही जनुकं एकत्र द्यावीत, हे सुचायला मला त्यानंतर अकरा वर्षं लागली. सुचलं कसलं, तो पिंजरा आठवला. आता या औषधासाठी लोक अभिनंदन करतात तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुझ्या बायकोवर राग धरायचं मी फार मनावर घेतलं होतं रे, पण तिनं जमू दिलं नाही. बुसानला आले होते तेव्हा किमचीचा डबा हातात कोंबत म्हणाली, या भांडकुदळाला तुम्हीच ठेवून घ्यायचं होतं ताई, माझ्या गळ्यात कशाला बांधलात? तिघंही पोट धरून हसलो होतो.

तिचे कागद मी स्वतः समितीपुढं ठेवले, भांडले, हात जोडले. पण सध्या मानेच्या आणि घशाच्याच गाठी घेतात, जिथं सुई सहज पोचते. तिची यकृतात पसरली आहे. यकृताची पाळी दोन वर्षांनी येईल, आणि तिच्याकडे दोन वर्षं नाहीत. तो पिंजरा आपण जपला असता, तर ती पाळी केव्हाच येऊन गेली असती. सोमवारी सकाळी समितीकडून नकाराचा फोन येईल. तुझा फोन नेहमी तीच उचलते. त्या दिवशी उचलू देऊ नकोस.

तुझीच,
सन-ओक